सेगोव्हियासमोरची खुर्ची

समजा, तुम्ही इटलीतल्या सिएना गावात आहात. साल १९५० नंतरचं कुठलंही, दिवस उन्हाळ्याचे. चिगी घराण्याच्या जुन्या वाड्यातली संगीत अकादमी. देशोदेशींची मुलंमुली भिंतीला धरून बसलीयत आणि पुढे दोन खुर्च्या. एकीत जाड चष्म्याचा, जाडजूड बोटांचा एक माणूस गिटार मांडीवर घेऊन बसलाय. दुसरी रिकामी आहे आणि नाव पुकारलं गेलंय ते तुमचं!

पोटात गोळा आला ना? यायलाच हवा. समोरचा माणूस म्हणजे आंद्रेस सेगोव्हिया. आज जगभरच्या संगीत विद्यालयांमध्ये पियानो आणि व्हायोलिनच्या शेजारी गिटारचाही वर्ग असतो, त्याचं मोठं श्रेय या एका माणसाकडे जातं. आणि मजा म्हणजे, इतक्यांना शिकवणारा हा माणूस स्वतः कुणाकडेच नीट शिकलेला नव्हता.

२१ फेब्रुवारी १८९३ ला दक्षिण स्पेनमधल्या लिनारेसमध्ये तो जन्मला. लहानपणीच त्याला काका-काकूंकडे वाढायला ठेवलं. काकांनी हौसेने व्हायोलिनची शिकवणी लावली, पण मास्तर भलते कडक निघाले. पोरगं रडकुंडीला आल्यावर काकांनी शिकवणी बंद करून टाकली. (हे कडक मास्तर लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.) नंतर ग्रॅनडा शहरात त्याला गिटार सापडली. घरच्यांना ती अजिबात पसंत नव्हती. गिटार म्हणजे दारूच्या गुत्त्यात, नाचगाण्याच्या साथीला वाजवायची चीज, चांगल्या घरच्या मुलाने तिच्या नादी लागू नये, असा तो काळ. गिटारसाठी सुंदर रचना करून ठेवणारा फ्रान्सिस्को तार्रेगा १९०९ च्या डिसेंबरात गेला. त्याची आणि सेगोव्हियाची भेट झालीच नाही. त्याच वर्षी ग्रॅनडात सेगोव्हियाने पहिला जाहीर कार्यक्रम केला, वय जेमतेम सोळा. तोवर जे काही यायचं ते स्वतःच शोधलेलं, इकडून तिकडून स्वरलिपीची पानं जमवून बसवलेलं.

पुढचा किस्सा तुम्हाला आवडेल. साधारण १९१२ ची गोष्ट. माद्रिदमध्ये कार्यक्रम करायचा होता, पण चांगली गिटार नव्हती आणि खिशात पैसेही नव्हते. सेगोव्हिया सरळ गेला मान्युएल रामीरेझ या नामांकित कारागिराच्या दुकानात आणि एक उत्तम गिटार भाड्याने मागितली. पियानोवाले नाही का भाड्याने पियानो घेत, मग मी का नको, असा त्याचा सवाल. दुकानातल्या मंडळींना गंमत वाटली. पण पोराने वाजवायला सुरुवात केली आणि रामीरेझने ती गिटार त्याला देऊनच टाकली. फेड कर, पण पैशांनी नको, एवढीच अट. ती गिटार पुढे पंचवीसेक वर्षं, म्हणजे १९३७ मध्ये जर्मन कारागीर हेरमान हाउझरची गिटार हाती येईपर्यंत, तो मैफलींत वाजवत राहिला.

नुसतं छान वाजवून भागणार नव्हतं. वाजवायला मोठ्या रचनाच नसतील तर मोठ्या सभागृहात गिटारला बोलावणार कोण? म्हणून तो जिथे जाईल तिथल्या संगीतकारांच्या मागे लागायचा, गिटारसाठी लिहा म्हणून. आणि ते लिहायचे! स्पेनचे मोरेनो तोरोबा आणि तुरिना, मेक्सिकोचा मान्युएल पोन्से, इटलीचा कास्तेलनुओव्हो-तेदेस्को, ब्राझीलचा व्हिला-लोबोस. पोन्सेबरोबर तर त्याने चक्क एक खोडी काढली. पोन्सेने जुन्या धाटणीत एक रचना लिहिली आणि सेगोव्हिया ती अठराव्या शतकातल्या वाइस नावाच्या ल्यूटवादकाच्या नावावर खपवत राहिला. भले भले फसले. एरवी इतका गंभीर दिसणारा माणूस हे करू शकतो याचं मला अजूनही हसू येतं.

१९२४ मध्ये पॅरिस झालं, १९२८ च्या जानेवारीत न्यूयॉर्कचा टाउन हॉल. १९३५ मध्ये पॅरिसमध्येच त्याने बाखची ‘शाकोन’ गिटारवर वाजवली. ही मूळची एकट्या व्हायोलिनसाठीची, भल्याभल्यांचा घाम काढणारी रचना. ती गिटारवर म्हणजे उद्धटपणाच, असं म्हणणारे होतेच. हे सगळं मायक्रोफोनशिवाय, बरं का. मैफलीत आवाज वाढवायचं यंत्र त्याने कधीच लावून घेतलं नाही. हॉल कितीही मोठा असो, लोकांनी श्वास रोखून ऐकावं. इलेक्ट्रिक गिटारचं त्याच्यासमोर नावही काढायची सोय नव्हती. तुमच्यातल्या बँडवाल्यांना हे पटणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पटत नाही.

आज तुमच्या क्लासिकल गिटारवर नायलॉनच्या तारा असतात ना, त्यातही त्याचा हात आहे. आधी वरच्या तीन तारा आतड्याच्या तातीच्या असायच्या. दुसऱ्या महायुद्धात तात जखमा शिवायला लागू लागली आणि वादकांना मिळेना. न्यूयॉर्कमधला कारागीर अल्बर्ट ऑगस्टीन नायलॉनच्या धाग्यावर प्रयोग करत होता. सेगोव्हियाने त्या तारा वाजवून पाहिल्या, स्वीकारल्या आणि मग साऱ्या जगानेच स्वीकारल्या.

आता वळू त्या रिकाम्या खुर्चीकडे. मास्टरक्लास म्हणजे शिकवणी नव्हे. एकजण वाजवतो, गुरू सगळ्यांसमोर त्याला थांबवतो, दुरुस्त करतो, स्वतः वाजवून दाखवतो आणि बाकीचे ऐकत शिकतात. तालीम आणि मैफल एकाच वेळी चालल्यासारखं. सेगोव्हिया १९५० पासून सिएनाला आणि १९५८ पासून स्पेनमधल्या सांतियागो दे कॉम्पोस्तेलाला उन्हाळी वर्ग घ्यायचा. १९६४ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात त्याने घेतलेले वर्ग चित्रित झालेत. शोधलंत तर बघायला मिळतील, आणि बघाच.

तिथे जायचं तर तयारी काय करावी लागे? रचना तोंडपाठ असणं हे गृहीतच. कागदाकडे बघत वाजवणाऱ्याचे कान कागदातच अडकतात. उजव्या हाताची नखं घासून गुळगुळीत हवीत, कारण सेगोव्हियाचा स्वर नख आणि बोटाचं मांस दोन्ही मिळून निघायचा. खरबरीत नखाचा कर्कश आवाज लपून राहायचा नाही. डावा पाय छोट्या स्टुलावर, पाठ ताठ. शिवाय स्वरसप्तकांचा रोजचा रियाज. त्याने १९५३ मध्ये सगळ्या मेजर-मायनर सप्तकांची एक छोटी पुस्तिका काढली, ती आजही विद्यार्थी घासतात. तो स्वतः दिवसाला पाचेक तास बसायचा, तेही एका दमात नाही, मध्ये विश्रांती घेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोटं. गिटारवर एकच स्वर तीन-चार जागी मिळतो. कुठली तार, कुठला पडदा, कुठलं बोट, यावर त्या स्वराचा रंग ठरतो. सेगोव्हियाने छापलेल्या प्रतींमध्ये हे सगळं आकड्यांनी लिहून ठेवलेलं असे. विद्यार्थ्याने ते जसंच्या तसं पाळावं ही अपेक्षा. त्याच्या दृष्टीने ते वर्षानुवर्षं शोधून काढलेलं सत्य होतं, सूचना नव्हती.

इथेच ठिणगी पडायची. १९८६ चा एक व्हिडिओ आहे, लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठातला. सेगोव्हिया त्र्याण्णव वर्षांचा. एक तरुण छान वाजवतोय आणि म्हातारा त्याला थांबवतो, कारण बोटं बदललेली आहेत. कुणी बदलली? पोरानेच. मग जो काही राग! सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल. तो तरुण पुढे स्वतः विद्यापीठात गिटारचा प्राध्यापक झाला, पण बघताना आपलेच कान लाल होतात. चिमुकल्या आंद्रेसला रडवणारे ते व्हायोलिनचे मास्तर इथे आठवतात की नाही?

दुसरं उदाहरण जॉन विल्यम्सचं. ऑस्ट्रेलियात जन्मलेला हा मुलगा अकरा-बारा वर्षांचा असल्यापासून उन्हाळ्यात सिएनाला जायचा. १९५८ मध्ये लंडनला त्याचं पदार्पण झालं तेव्हा सेगोव्हियाने त्याला गिटारच्या राजपुत्राची उपमा दिली. एवढं कौतुक झालेल्या विल्यम्सने मोठेपणी उघडपणे सांगितलं की त्या वर्गांत भीती होती, मुलांना गुरूची नक्कल करायला लावलं जायचं, आणि आपण जास्त शिकलो ते सोबतच्या विद्यार्थ्यांकडून. सेगोव्हियाचा मदतनीस म्हणून वर्ग सांभाळणारा व्हेनेझुएलाचा आलिरियो दियास मात्र अनेकांना आपलासा वाटायचा.

मग तुम्ही काय केलं असतं? आपल्याकडेही घराण्याचे गुरू शिष्याला वर्षानुवर्षं आपल्यासारखंच गायला लावतात आणि नंतर कधीतरी मोकळं सोडतात. पण तिथे वर्षं असतात. मास्टरक्लासमध्ये तुमच्याकडे वीस-पंचवीस मिनिटं आणि बघायला सभागृहभर लोक. माझं विचाराल तर, त्या खुर्चीत त्याची बोटं वाजवून बघावीत, अगदी मनापासून. तो स्वर कुठून निघतो हे कळल्याशिवाय आपली बोटं बरी की वाईट हे ठरवणार कसं? घरी परत आल्यावर पेन्सिल आपल्याच हातात असते. पण तुम्हाला राग आला आणि तुम्ही उठून गेलात, तरी मी तुम्हाला दोष देणार नाही.

सेगोव्हिया थकला नाही. १९८१ मध्ये स्पेनच्या राजाने त्याला मार्केस दे सालोब्रेन्या ही सरदारकी दिली, पण मैफली आणि वर्ग चालूच राहिले. १९८७ च्या वसंतातही तो अमेरिकेत होता. २ जून १९८७ ला माद्रिदमध्ये त्याने डोळे मिटले, वय ९४. रामीरेझने पैसे न घेता दिलेली ती गिटार आणि हाउझरची १९३७ ची गिटार, दोन्ही त्याच्या पत्नीने आदल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकल्या होत्या.