स्वतःच्या लेखणीची मालकी नसलेली लेखिका

लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सभागृहात डॅनियल मॅक्लिस या चित्रकाराने न्यायदेवतेचे एक भित्तिचित्र रंगविले आहे. त्या देवतेच्या चेहऱ्यासाठी जी स्त्री चित्रकारासमोर बसली, तिला स्वतःला मात्र देशाच्या कायद्याने कधी न्याय दिला नव्हता. कॅरोलाइन नॉर्टन हे तिचे नाव. विभक्त होणाऱ्या पती-पत्नींच्या मालमत्तेचा प्रश्न आज कौटुंबिक न्यायालयांत सर्रास उपस्थित होतो. परंतु एके काळी हा प्रश्न उद्भवतच नसे. कारण पत्नीची म्हणून काही मालमत्ता असते, हेच इंग्लंडच्या कायद्याला मान्य नव्हते. ते मान्य करायला लावण्यात या लेखिकेचा वाटा मोठा आहे.

कॅरोलाइनचा जन्म २२ मार्च १८०८ रोजी लंडनमध्ये झाला. सुप्रसिद्ध नाटककार रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडन यांची ती नात. घराण्याला नाव मोठे, पण हाती पैसा नाही, अशी परिस्थिती होती. १८१७ मध्ये वडील वारले आणि विधवा आईने राजकृपेने मिळालेल्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातील जागेत मुलांना वाढविले. मुली रूपवान व बुद्धिमान होत्या. मात्र हुंड्याची सोय नव्हती. १८२७ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कॅरोलाइनचा विवाह बॅरिस्टर आणि पार्लमेंटचे सभासद जॉर्ज नॉर्टन यांच्याशी झाला.

हा संसार सुखाचा झाला नाही. जॉर्ज तापट होता, पत्नीवर हात टाकीत असे. त्याची वकिलीही चालत नव्हती. घरखर्चाला हातभार लावण्यासाठी कॅरोलाइनने लेखणी हाती घेतली. १८२९ मध्ये तिचा काव्यसंग्रह गाजला आणि पहिल्या बाळंतपणाचा खर्च त्या कमाईतून भागला. पुढे कविता, कादंबऱ्या, वार्षिकांचे संपादन असे तिचे काम अखंड चालू राहिले. तिच्याच शब्दाखातर लॉर्ड मेलबर्न यांनी जॉर्जला दंडाधिकाऱ्याची नोकरी मिळवून दिली.

१८३६ मध्ये जॉर्जने याच मेलबर्न यांच्यावर, म्हणजे त्या वेळच्या पंतप्रधानांवर, पत्नीशी अनैतिक संबंध ठेवल्याचा दावा लावला. ज्यूरीने जागेवरून न उठता तो फेटाळून लावला. मात्र ज्या स्त्रीच्या चारित्र्यावर चिखलफेक झाली, तिला या खटल्यात बाजू मांडण्याचा अधिकारच नव्हता. कायद्याच्या दृष्टीने विवाहानंतर पती-पत्नी एकच व्यक्ती ठरत आणि ती व्यक्ती म्हणजे पती. पत्नीला करार करता येत नसे, दावा लावता येत नसे. तिचे कपडे, दागिने, मजुरी, पुस्तकांचे मानधन हे सारे पतीचे. श्रीमंत घराण्यांत मुलीच्या नावे विश्वस्तनिधी ठेवून यातून वाट काढली जाई. सामान्य स्त्रीला ती वाटही नव्हती.

मुलांवरही आईचा हक्क नव्हता. जॉर्जने तिन्ही मुलगे तिच्यापासून तोडले. तिने पत्रके लिहिली, खासदारांना भेटून विषय लावून धरला आणि १८३९ मध्ये सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्याचा अधिकार आईला देणारा कायदा झाला. पण जॉर्जने मुलांना इंग्लंडच्या न्यायालयांच्या कक्षेबाहेर, स्कॉटलंडला पाठविले होते. १८४२ मध्ये धाकटा विल्यम घोड्यावरून पडून जखमी झाला. आई पोहोचण्यापूर्वीच त्याने प्राण सोडला होता.

मालमत्तेचा झगडा निर्णायक झाला तो यानंतर. १८४८ मध्ये जॉर्जला कॅरोलाइनच्या विश्वस्तनिधीवर पैसा उभा करायचा होता व त्यासाठी तिची संमती आवश्यक होती. मोबदल्यात वर्षाला ५०० पौंड देण्याचे त्याने लेखी मान्य केले. १८५१ मध्ये आई वारली आणि तिने कॅरोलाइनला वर्षाला ४८० पौंड मिळतील अशी तजवीज केली. लगेच जॉर्जने हात आखडता घेतला. कॅरोलाइनने आपले धनको त्याच्याकडे वळविले आणि १८५३ मध्ये एका गाडीवाल्याचे बिल न्यायालयात पोहोचले. तेथे उघड झाले की, पती-पत्नींमधील करार कायद्याने करारच नसतो. जॉर्जची सही असूनही तो कागद कवडीमोल होता. उलट, तिच्या प्रकाशकांना व बँकेला हिशेब घेऊन हजर राहण्याचे समन्स जॉर्जने काढविले होते, कारण तिची कमाईही कायद्याने त्याचीच होती.

हा अपमान तिने गिळला नाही. १८५४ मध्ये इंग्लंडमधील स्त्रीविषयक कायद्यांवर तिने पुस्तक लिहिले आणि १८५५ मध्ये राणी व्हिक्टोरियाला उद्देशून दीर्घ पत्र प्रसिद्ध केले. त्या वेळी पार्लमेंटपुढे घटस्फोटाचे विधेयक होते. १८५७ मध्ये संमत झालेल्या कायद्यात तिच्या अनुभवाची छाप स्पष्ट दिसते. पतीने टाकलेल्या स्त्रीला आपली कमाई त्याच्यापासून सुरक्षित करून घेण्याची सोय झाली. न्यायालयातून विभक्त झालेल्या स्त्रीला नव्याने मिळविलेली मालमत्ता स्वतःच्या नावे ठेवण्याचा, करार करण्याचा आणि दावा लावण्याचा अधिकार मिळाला. आणखी पुढच्या पिढीतील कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांतून १८७० व १८८२ चे कायदे होऊन सर्व विवाहितांना मालमत्तेचा हक्क मिळाला.

तिला सरसकट स्त्रीमुक्तीची पुरस्कर्ती म्हणणे मात्र योग्य होणार नाही. स्त्री-पुरुष समान आहेत, असे तिचे म्हणणे नव्हते. दुर्बळाला संरक्षण द्या, एवढीच तिची मागणी होती. घटस्फोटही तिला अखेरपर्यंत मिळाला नाही. १८७५ मध्ये जॉर्जचा मृत्यू झाला, तेव्हा ती मोकळी झाली. मार्च १८७७ मध्ये तिने जुने स्नेही सर विल्यम स्टर्लिंग-मॅक्सवेल यांच्याशी विवाह केला आणि अवघ्या साडेतीन महिन्यांत, १५ जून रोजी, तिचे निधन झाले.

१८५७ च्या या तरतुदी १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यातून आपल्याकडील ख्रिस्ती स्त्रियांपर्यंत पोहोचल्या. १८७४ चा विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा तर आयुर्विम्याच्या अर्जामुळे अनेक मराठी घरांना परिचित आहे. १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कौटुंबिक न्यायालयांत पती-पत्नींच्या मालमत्तेचे वादही चालतात. तरीही, पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा असलेल्या गोव्याचा अपवाद वगळता, संसारात मिळविलेल्या संपत्तीची निम्मी वाटणी आपल्या कायद्यात नाही. घर पतीच्या नावे असेल, तर त्यात वर्षानुवर्षे राबलेल्या पत्नीला बहुधा पोटगीवरच समाधान मानावे लागते. स्वतः कमाविलेले स्वतःचे व्हावे, एवढ्यासाठी कॅरोलाइन झगडली. दोघांनी मिळून उभारलेल्या संसारात दोघांचा वाटा किती, हा पुढचा प्रश्न तिने आपल्यासाठी मागे ठेवला आहे.