कार्ल पॉल लिंक
कार्ल पॉल लिंक (३१ जानेवारी, १९०१ - २१ नोव्हेंबर, १९७८) हे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ होते. फेब्रुवारी १९३३ मध्ये एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणि बुरसटलेला क्लोव्हर चारा घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठातील त्यांच्या प्रयोगशाळेत आला. चाऱ्यातील मारक द्रव्य, डायकुमेरॉल, वेगळे करण्यास सहा वर्षे लागली. १९४३ साली त्यांच्या गटाने सॅलिसिलिक आम्लानेही उंदरांच्या रक्तातील प्रोथ्रॉम्बिन घटते, हे दाखवले. रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत ॲस्पिरिन घेण्यातील धोक्याची ही आरंभीची, पण आज फारशी न आठवली जाणारी सूचना होय. जीवनसत्त्व 'के' हा त्यावरील उतारा ठरला. उंदीर मारण्याचे विष म्हणून १९४८ मध्ये आलेले वॉरफॅरिन १९५४ पासून माणसांना दिले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते देण्यात आले. लिंक यांना १९५५ आणि १९६० मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.