योसेफ : एका नावाचा अर्थ

योसेफ या हिब्रू नावाचा अर्थ ‘तो आणखी देवो’; तो म्हणजे परमेश्वर. दीर्घकाळ निपुत्रिक राहिलेल्या राहेलने, आणखी एका पुत्राच्या आशेने, आपल्या पहिल्या मुलाला हे नाव दिले (उत्पत्ती ३०).

हेच नाव लाभलेले संत जोसेफ वाझ १६५१ मध्ये गोव्यातील बाणावलीत जन्मले. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. १६८७ मध्ये ते वेश पालटून तेथे गेले. कँडीच्या राजाने हेर समजून त्यांना कैद केले. पुढे देवीच्या साथीत त्यांनी टाकून दिलेल्या रोग्यांची सेवा केली. गोव्याहून आणखी धर्मगुरू त्यांना येऊन मिळाले. १७११ मध्ये कँडीतच ते प्रभूघरी गेले. २०१५ मध्ये संत घोषित झाले.

राहेलने आणखी मागितले ते स्वतःसाठी, फादर वाझ यांनी इतरांसाठी. आपण कोणासाठी मागतो?