पालवणकर बाळू : गुणवत्ता आणि हक्क

भारतीय क्रिकेटचा इतिहास सांगताना रणजी आणि कर्नल सी. के. नायडू यांची नावे आदराने घेतली जातात. परंतु भारताचा पहिला थोर गोलंदाज चर्मकार समाजातून आला होता, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच ठाऊक असते. पालवणकर बाळू हे त्यांचे नाव. सवर्णांच्या इतिहासाला त्यांची जात अडचणीची वाटली, तर बाबासाहेबांच्या विरोधात ते उभे राहिले म्हणून आपल्या चळवळीनेही त्यांच्याकडे पाठ फिरवली. इतिहासाच्या अभ्यासकाने या दोन्ही विस्मरणांतून त्यांना बाहेर काढले पाहिजे.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातील पालवणचे. वडील लष्करात नोकरीस होते. पुण्यात तरुण बाळूंना पारशी क्रिकेटपटूंच्या मैदानावर झाडलोट करण्याचे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचे काम मिळाले. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले, तेथे एक रुपया अधिक मिळू लागला. साहेब फलंदाजीचा सराव करीत आणि बाळू त्यांना तासन्‌तास चेंडू टाकीत. जे. जी. ग्रेग हा इंग्रज फलंदाज स्वतःला बाद केल्याबद्दल दर वेळी आठ आणे देत असे, अशी आख्यायिका आहे. मात्र त्या क्लबात बाळूंच्या हाती बॅट कधीच दिली गेली नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम आणि फलंदाजी हा मालकाचा मान, असा तो हिशेब होता. मैदानावरही श्रमविभागणी होतीच.

अखंड सरावाने डावखुऱ्या मंदगती गोलंदाजीतील फिरकी आणि फसवा टप्पा त्यांनी असा साधला, की इंग्रजांना हरवू पाहणाऱ्या पुण्याच्या हिंदू क्लबाला त्यांना संघात घ्यावेच लागले. मैदानात सारे त्यांनी हाताळलेलाच चेंडू झेलत. त्याचा विटाळ कोणाला होत नसे. चहापानाची वेळ झाली की मात्र बाळूंना दाराबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवायला वेगळे बसवले जाई.

प्लेगच्या साथीच्या काळात ते मुंबईला आले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातर्फे खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला, त्या विजयी संघात बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. पण पस्तिशीतल्या बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. ते परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. विद्यार्थिदशेतील भीमराव आंबेडकरांचा त्या सत्कारात सहभाग होता. समाजातला एक माणूस आपल्या कर्तबगारीवर साता समुद्रापार नाव मिळवून आला, ही त्या पिढीला केवढी उभारी होती!

संघातील सर्वांत अनुभवी आणि यशस्वी खेळाडू असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. १९२० साली तर त्यांना संघातून वगळण्यात आले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी निषेध म्हणून संघ सोडला. प्रकरण गाजले, बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलावण्यात आले आणि भाऊही परतले. अखेर १९२३ साली विठ्ठल हे हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी चौरंगी स्पर्धा जिंकून दाखवली. थोरल्या भावाला गुणांनी जे मिळाले नाही, ते धाकट्याला मिळण्यापूर्वी भावंडांना एकजुटीने बहिष्काराचे हत्यार उपसावे लागले होते.

आपल्या औंढ्यात संत नामदेवांची कथा लहान मुलालाही माहीत आहे. कीर्तनाला बसलेल्या नामदेवांना देवळामागे घालवले तेव्हा देऊळच फिरले, असे ती कथा सांगते. बाळूंच्या वाट्याला असा चमत्कार आला नाही. शेकडो बळी घेऊनही व्यवस्था आपणहून फिरली नाही. ती फिरवावी लागली.

पुढे राजकारणात बाळू गांधीजींच्या मार्गाने गेले. स्वतंत्र मतदारसंघांना त्यांचा विरोध होता आणि १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. धर्मांतराची घोषणाही त्यांना रुचली नाही. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. बाबासाहेब निवडून आले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. नागपूरची धम्मदीक्षा त्यांनी पाहिली नाही.

माझ्या मते बाळू त्या निवडणुकीत चुकीच्या बाजूला होते. पण त्यांचा मार्ग आकाशातून पडलेला नव्हता. मातीच्या भांड्यातून सुरुवात करून ते सन्मानापर्यंत पोहोचले होते. उत्तम काम करीत राहिल्यास सवर्णांचे मन बदलते, असे त्यांना आपल्या आयुष्यावरून वाटले असेल. त्याच आयुष्यातील नाकारलेले कर्णधारपद मात्र बाबासाहेबांच्या बाजूने साक्ष देते. गुणवत्ता आवश्यक आहे, पण हक्काचे संरक्षण नसेल तर गुणवंताचे भवितव्य दुसऱ्याच्या मर्जीवर लोंबकळत राहते. संविधानाने ती मर्जी संपवून हक्क दिला.

आमच्या निवासी शाळेतील मुले संध्याकाळी मैदानावर खेळतात, रात्री एका पंगतीत जेवतात. फलंदाजी सर्वांच्या वाट्याला येते, कर्णधार मुलेच निवडतात. त्यांना हे साधे वाटते आणि तसेच वाटावे. मात्र या साध्या गोष्टीसाठी एका श्रेष्ठ गोलंदाजाने उभी हयात वाट पाहिली, हेही त्यांना ठाऊक असावे. शाळेच्या ग्रंथालयात बाबासाहेबांच्या चरित्राशेजारी बाळूंच्याही चरित्राला जागा मिळावी. मतभेदांसह पूर्वजांना समजून घेणे, हीच इतिहासाची खरी शिकवण आहे.