विश्लेषण : गॅमा किरणांच्या वेधशाळेला कॉम्प्टन यांचे नाव का?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ‘कॉम्प्टन परिणामा’चे सूत्र अनेकांनी निव्वळ मार्कांसाठी पाठ केले असेल (आम्हीही त्यातलेच). ते मांडणारे आर्थर होली कॉम्प्टन १५ मार्च १९६२ रोजी गेले. अवकाशातला गॅमा किरणांचा स्फोट पहिल्यांदा टिपला गेला तो पाच वर्षांनंतर, २ जुलै १९६७ रोजी. तरीही ‘नासा’ने १९९१ मध्ये आपल्या गॅमा किरण वेधशाळेला त्यांचे नाव दिले. का?

कॉम्प्टन यांचा जन्म १८९२ चा, अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या वूस्टर गावातला. सेंट लुईसच्या प्रयोगशाळेत त्यांनी क्ष-किरण ग्राफाइटवर सोडले, तेव्हा विखुरलेल्या काही किरणांची तरंगलांबी वाढलेली दिसली. गोटीने गोटीला टोला द्यावा, तसा प्रकाशाचा कण इलेक्ट्रॉनला धडकतो आणि थोडी ऊर्जा देऊन बसतो, असा अर्थ त्यांनी १९२३ मध्ये लावला. त्यासाठी १९२७ चे नोबेल सी. टी. आर. विल्सन यांच्यासोबत विभागून मिळाले.

पुढे गाठ पडली रॉबर्ट मिलिकन यांच्याशी. विश्वकिरण म्हणजे गॅमा किरणच, असे मिलिकन म्हणत. कॉम्प्टन यांनी जगभर मोजमापे घेतली. विषुववृत्ताकडे किरण कमी भरले, म्हणजे पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना वळवते, म्हणजेच ते विद्युतभारित कण. विश्वकिरण हे गॅमा किरण नव्हेत हे दाखवणाऱ्याचेच नाव गॅमा वेधशाळेला, ही गंमतच.

युद्धकाळात शिकागोतील अणुप्रकल्पाची धुरा त्यांच्याकडे होती. बॉम्ब नुसता दाखवून युद्ध थांबेल असे वाटत नाही, हे मत जून १९४५ मध्ये देणाऱ्या चौघा शास्त्रज्ञांत तेही होते. हिरोशिमा दोन महिन्यांवर होते. आणि गॅमा स्फोट पहिल्यांदा दिसला तोही अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकेच्या ‘वेला’ उपग्रहांना.

सुमारे १७ टनांची वेधशाळा ५ एप्रिल १९९१ रोजी ‘अटलांटिस’मधून गेली. अँटेना अडकला, अंतराळवीरांनी बाहेर पडून तो हाताने हलवून सोडवला. तिच्या आठ कोपऱ्यांवर आठ शोधक होते. गॅमा किरण सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात शिरला की प्रकाशाची ठिणगी पडते. तिच्या तेजावरून ऊर्जा कळते, तर कोणत्या शोधकाने किती किरण मोजले यावरून दिशा. नऊ वर्षांत २,७०४ स्फोट नोंदले गेले, आकाशात सगळीकडे सारखेच पसरलेले. ते आकाशगंगेच्या तबकडीतले असते, तर एका पट्ट्यात दिसले असते. एक जायरोस्कोप निकामी झाल्यावर ४ जून २००० रोजी वेधशाळा प्रशांत महासागरात उतरवण्यात आली.

ती टक्कर आजही कामी येते. ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वरील ज्या उपकरणाची माहिती पुण्याच्या ‘आयुका’त हाताळली जाते, त्यात स्फोटाचा किरण एका पिक्सेलवर आदळून शेजारच्या पिक्सेलमध्ये जातो. तो कोणत्या बाजूला जास्त वेळा उडतो, यावरून त्या स्फोटाच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण मोजतात.