तेवीस अधिक तेवीस

इंजिनिअरिंगच्या मुलाच्या खोलीत पुस्तकं कोणती असतात हे सांगायची गरज नाही. मॅथ्सचे चार भाग, लोकल ऑथरची गाइडं आणि सिनिअरकडून वारसाहक्काने आलेल्या जर्नल्स! माझ्या फळीवरही हा सगळा ऐवज आहे. पण त्याच फळीच्या डाव्या कोपऱ्यात लहानपणापासून जपलेली थोडी वेगळी पुस्तकं आहेत. चांदोबाचे काही अंक (१९५२ पासून मराठीत निघणारा हा चांदोबा आता बंद पडलाय), भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, आणि पाठीला खाकी कागद चिकटवलेली, नाथमाधवांची ‘वीरधवल’.

मित्रांनो, ‘वीरधवल’ ही आपल्या आजोबांच्या पिढीची हॅरी पॉटर म्हणा ना! १९१३ साली आलेली ही अद्भुतरम्य कादंबरी. राजेरजवाडे, कारस्थानं, पराक्रम, सगळं काही भरपूर. मी ती सातवीत असताना पहिल्यांदा वाचली आणि तिच्यातलं राज्य थेट आमच्या चंद्रपुरात आणून वसवलं. जटपुरा गेटमधून शत्रूचं सैन्य आत येणार, बिनबा गेटमधून आपण निसटणार, आणि वर्धा नदीच्या काठावरच्या बल्लारपूरच्या किल्ल्यात खलनायक दबा धरून बसलेला असणार! गोंड राजांनी बांधलेला परकोट आणि चारही बाजूंनी जंगल असल्यावर कल्पनेला आणखी काय लागतं? गडचिरोलीला मामाकडे गेलो की हेच राज्य वैरागडच्या किल्ल्यापर्यंत वाढायचं.

लेखकाचं नाव मात्र त्या वयात कोण बघतो? ‘नाथमाधव’ हे मला कुण्या साधूबुवाचं नाव वाटायचं. ते कोण होते हे कळलं ते बऱ्याच वर्षांनी. आणि कळल्यावर पुस्तकच बदलून गेलं.

त्यांचं खरं नाव द्वारकानाथ माधव पितळे. द्वारकानाथमधला ‘नाथ’ आणि वडिलांचा ‘माधव’, झालं टोपणनाव तयार. जन्म ३ एप्रिल १८८२, मुंबईचा. शाळा संपल्यावर त्यांनी कुलाब्याला तोफांच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी धरली. तोफ ज्या चाकांच्या गाड्यावर बसवून ओढत नेतात तो गाडा तिथे बनायचा. मेकॅनिकलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही, मराठीतला एक मोठा कादंबरीकार आपल्याच शॉप फ्लोअरच्या वासातून गेलेला आहे.

या तरुणाला नाद होता शिकारीचा. ताडोब्याच्या शेजारी वाढलेल्या आम्हाला हा शब्द आज खटकतो आणि तो खटकायलाच हवा. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तेव्हा फार दूर होता आणि बंदूक घेऊन डोंगर पालथे घालणं ही मर्दुमकी समजली जायची. १९०५ च्या सुमारास असेच ते शिकारीसाठी पुण्याजवळच्या सिंहगडावर गेले आणि तिथल्या एका कड्यावरून कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर लुळं पडलं. वय वर्षे तेवीस.

तेवीस! म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलापेक्षा एखाद-दोन वर्षांनी मोठा. नुकती नोकरी लागलेली, अंगात रग, डोंगराची ओढ. ज्या पायांवर हे सगळं उभं होतं ते पायच गेले. त्या काळची परिस्थितीही ध्यानात घ्या. एक्स-रेचा शोध लागून जेमतेम दहा वर्षं झाली होती. पेनिसिलिन सापडलं १९२८ मध्ये, आणि औषध म्हणून हाती यायला तर आणखी वर्षं गेली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीच्या जखमा होतात, त्या चिघळतात, लघवीचा संसर्ग होतो आणि त्यावर उतारा नसतो. अशा अवस्थेत माणूस किती दिवस काढणार, असंच बघणाऱ्याला वाटलं असणार.

नाथमाधवांनी त्यानंतर आणखी तेवीस वर्षं काढली.

सुरुवात वाचनापासून झाली. पडून राहावं लागलं तेव्हा त्यांनी पुस्तकं जवळ केली, आणि वाचता वाचता लिहायला घेतलं. १९०८ मध्ये पहिली कादंबरी आली, ‘प्रेमवेडा’. मग ‘सावळ्या तांडेल’. तांडेल म्हणजे गलबतावरचा मुख्य खलाशी. पाय नसलेला माणूस समुद्रावर निघाला होता! पुढे ‘वीरधवल’. मग ‘सोनेरी टोळी’, मग १९१८ ते १९२० या काळात तीन भागांत ‘डॉक्टर’ ही सामाजिक कादंबरी. आणि १९२० च्या दशकात तर त्यांनी सरळ शिवकाळालाच हात घातला. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’, ‘स्वराज्यावरील संकट’ अशी ती मालिकाच आहे. गंमत बघा, ज्या सिंहगडाने त्यांचे पाय घेतले, तो १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी कडा चढून घेतलेला गड. पुन्हा कधीही कडा चढू न शकणाऱ्या माणसाने त्याच गडकोटांच्या काळावर कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या.

त्यांच्याच काळात हरिभाऊ आपट्यांसारखा थोर लेखक होता. ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिणाऱ्या हरिभाऊंना जो मान मिळाला तो नाथमाधवांच्या वाट्याला आला नाही. योगायोग, अद्भुत प्रसंग, भाबडा नायक अशी नावं ठेवायला त्यांच्या पुस्तकांत जागाही आहे. आज वाचताना मलाही काही पानं लांबलेली वाटतात. पण वाचकांनी त्यांना सोडलं नाही. शंभर वर्षं उलटून गेली तरी ‘वीरधवल’ लायब्ररीतून घरी जाते, पाठ फाटून परत येते, हे काय कमी आहे?

आता एक खरी गोष्ट सांगतो. आमच्या मामाच्या गावात एक काका आहेत. चारोळ्या काढायला चाराच्या झाडावर चढले आणि फांदीसकट खाली आले. तेव्हापासून बाजेवरच आहेत. बारावीच्या सुट्टीत मी दुपारी त्यांच्याजवळ बसून ‘वीरधवल’ मोठ्याने वाचायचो. ते डोळे मिटून ऐकायचे. झोपले की काय असं वाटून थांबलो की एक बोट हलवायचे, म्हणजे पुढे वाच. एक दिवस मी त्यांना लेखकाची हकीकत सांगितली. काका बराच वेळ आढ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आदल्या दिवशीचं प्रकरण परत वाचायला सांगितलं, आणि सावकाश वाच म्हणाले.

तोवर मला वाटायचं की अद्भुत गोष्टी म्हणजे खऱ्या जगातून पळून जायची वाट. सर लोकही तसंच म्हणतात, फालतू वाचनात वेळ घालवू नको. पण त्या दुपारी माझ्या ध्यानात आलं की ‘वीरधवल’मधला प्रत्येक पराक्रम कमरेखाली काहीच न जाणवणाऱ्या माणसाने जुळवलेला आहे. आणि असं लिहिणं एका झटक्यात होत नसतं. रोज थोडं थोडं, जखमा, ताप, कंटाळा सांभाळून, वीस वर्षं! याला पळून जाणं म्हणायचं तर मग टिकून राहणं कशाला म्हणायचं?

२१ जून १९२८ रोजी, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी नाथमाधव गेले. हिशेब सोपा आहे. तेवीस वर्षं पायांवर, तेवीस वर्षं पायांशिवाय. आणि आपण त्यांना ओळखतो ते दुसऱ्या तेवीस वर्षांमुळे. ज्या सप्टेंबरात फ्लेमिंगच्या प्रयोगशाळेत पेनिसिलिन सापडलं, तो त्यांच्या जाण्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी आला.

मला या हिशेबात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या तेवीस वर्षांच्या मुलाच्या उशाशी पुस्तकं पोचली होती. ती पोचली नसती तर? आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत झाडावरून, मचाणावरून, खाणीत, रस्त्यावर पडलेली, घराबाहेर न जाऊ शकणारी माणसं कमी नाहीत. त्यांच्यातला कोण पुढे लिहील, कोण नुसतं ऐकेल, ते आपल्याला ठरवायचं नाही. दर वर्षी सेमिस्टर संपलं की आपण किलोच्या भावाने रद्दी विकतो. त्याआधी घरातली गोष्टीची पुस्तकं वेगळी काढा आणि सुट्टीत गावी जाताना बॅगेत टाका. गावात असं कोणी बाजेवर असेल तर त्याच्याजवळ तासभर बसा. वाचता येत असेल तर पुस्तक ठेवून या, नसेल येत तर वाचून दाखवा. थांबलात की बोट हलतं का, तेवढं बघा.