परिचारिकांची शिक्षिका : एडिथ कॅव्हेल

ब्रसेल्समध्ये १२ ऑक्टोबर १९१५ रोजी पहाटे जर्मन लष्कराने एका ब्रिटिश परिचारिकेला गोळ्या घालून मृत्युदंड दिला आणि एडिथ कॅव्हेल हे नाव जगभर पोहोचले. हौतात्म्याच्या तेजात त्यांचे जीवितकार्य मात्र झाकोळले गेले. रुग्णसेवा हा रीतसर शिकून करावयाचा व्यवसाय आहे, हे बेल्जियममधील समाजाला पटवून देण्याचे ते कार्य होते. विशेष म्हणजे, हे काम करणाऱ्या कॅव्हेल स्वतः तिशी गाठल्यावर विद्यार्थिनी झाल्या होत्या आणि त्यांची गणना हुशार विद्यार्थिनींत कधीच झाली नाही.

इंग्लंडमधील नॉरिच शहराजवळच्या स्वार्डस्टन या खेड्यात ४ डिसेंबर १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील तेथील चर्चचे धर्मगुरू होते. घरची स्थिती बेताची. त्यामुळे सुशिक्षित मध्यमवर्गीय मुलींपुढे त्या काळी असलेल्या मोजक्या प्रतिष्ठित मार्गांपैकी एक त्यांनी पत्करला. श्रीमंत कुटुंबांत राहून त्या मुलांना शिकवू लागल्या. फ्रेंच उत्तम असल्याने १८९० ते १८९५ या काळात त्या ब्रसेल्समधील एका कुटुंबात शिक्षिका होत्या. वडिलांच्या आजारपणात शुश्रूषेसाठी त्या घरी परतल्या आणि आयुष्याची दिशा तेथेच ठरली.

प्रथम काही महिने त्यांनी लंडनमधील साथीच्या रोगांच्या एका रुग्णालयात काम केले. सप्टेंबर १८९६ मध्ये व्हाइटचॅपल भागातील लंडन हॉस्पिटलमध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून त्यांना प्रवेश मिळाला. हा भाग गोदी कामगारांचा, निर्वासितांचा आणि कमालीच्या दारिद्र्याचा. मेट्रन होत्या इव्हा लुक्स; फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निकटवर्ती आणि शिस्तीच्या अत्यंत कडक. व्याख्याने, परीक्षा आणि वॉर्डातील दीर्घ पाळ्या असा तो दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. १८९७ मध्ये मेडस्टन गावात दूषित पाण्यामुळे टायफॉइडची मोठी साथ पसरली, तेव्हा मदतीस पाठविलेल्या परिचारिकांत कॅव्हेल होत्या. त्या सेवेबद्दल त्यांना पदकही मिळाले.

तरीही प्रशिक्षणाअखेर लुक्स यांनी दिलेला शेरा उत्साहवर्धक नव्हता. कुवत आहे, पण मनापासून झटण्याची वृत्ती कमी. वक्तशीरपणा नाही आणि पूर्णपणे विसंबून राहता येणार नाही, असा त्याचा आशय होता. शेऱ्यावरून माणसाचे भवितव्य ठरविणाऱ्यांनी हा तपशील लक्षात ठेवावा, असा आहे. कॅव्हेल त्याने खचल्या नाहीत. लंडनमधील सेंट पँक्रस आणि शोरडिच येथील गरिबांच्या इस्पितळांत त्यांनी पुढील काही वर्षे काम केले. तेथे रात्रपाळीची जबाबदारी, सहायक मेट्रनपद आणि नवशिक्या मुलींना घडविण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी आला.

१९०७ मध्ये ब्रसेल्समधून बोलावणे आले. बेल्जियममध्ये शुश्रूषेचे काम तोवर प्रामुख्याने जोगिणींकडे होते. सेवाभाव भरपूर, परंतु जंतुनाशन आणि आधुनिक शस्त्रक्रिया यांचे शिक्षण तुटपुंजे. ही उणीव ओळखून शल्यचिकित्सक डॉ. आंत्वान देपाज यांनी परिचारिकांचे विद्यालय काढले आणि त्याची सूत्रे कॅव्हेल यांच्याकडे सोपविली. प्रारंभी विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. चांगल्या घरच्या मुलीने पोटासाठी काम करावे, तेही परक्या रुग्णांच्या अंगाला हात लावण्याचे, ही कल्पनाच तेथील मध्यमवर्गाला मानवत नव्हती. वक्तशीर नसल्याचा ठपका आलेल्या कॅव्हेल आता स्वतः वेळेबाबत काटेकोर झाल्या होत्या. हळूहळू समाजाचा विश्वास बसला. तीन रुग्णालये, २४ शाळा आणि १३ बालवाड्यांना या विद्यालयाच्या प्रशिक्षित परिचारिका मिळू लागल्या. १९१० मध्ये परिचारिकांसाठी फ्रेंच भाषेतील नियतकालिकही सुरू झाले.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध भडकले, तेव्हा कॅव्हेल इंग्लंडमध्ये आईकडे होत्या. सुरक्षित राहणे सहज शक्य असूनही त्या विद्यार्थिनींकडे परतल्या. विद्यालय रेडक्रॉसचे रुग्णालय झाले आणि तेथे दोन्ही बाजूंच्या जखमींवर उपचार झाले. त्याच वेळी, जर्मनव्याप्त प्रदेशात अडकलेल्या सुमारे २०० ब्रिटिश, फ्रेंच आणि बेल्जियन तरुणांना आसरा देऊन तटस्थ हॉलंडमध्ये पोहोचविण्याच्या गुप्त कामात त्या सहभागी झाल्या. ५ ऑगस्ट १९१५ रोजी त्यांना अटक झाली. त्यांच्यावरील मुख्य आरोप हेरगिरीचा नव्हता, तर सैनिकांना पळून जाण्यास मदत केल्याचा होता. तो त्यांनी नाकारलाही नाही. मृत्यूपूर्वी तुरुंगातून त्यांनी आपल्या विद्यार्थिनींना निरोपाचे पत्र लिहिले.

ब्रिटनने त्यांच्या मृत्यूचा सैन्यभरतीच्या प्रचारासाठी पुरेपूर वापर केला. मे १९१९ मध्ये त्यांचे पार्थिव मायदेशी आणून नॉरिच कॅथीड्रलच्या आवारात दफन करण्यात आले. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकाजवळ १९२० मध्ये पुतळा उभा राहिला. कॅनडातील एका पर्वतशिखराला त्यांचे नाव आहे. मात्र १९१९ मध्येच झालेली आणखी एक घटना त्यांच्या ध्येयाशी अधिक जवळची होती. त्या वर्षी ब्रिटिश संसदेने परिचारिकांच्या अधिकृत नोंदणीचा कायदा संमत केला आणि प्रशिक्षित परिचारिका या व्यवसायावर राजमान्यतेची मोहोर उमटली. तो दिवस पाहण्यास कॅव्हेल नव्हत्या. त्यांनी घडविलेल्या विद्यार्थिनी मात्र रुग्णांच्या उशाशी उभ्या होत्या.